शाळेतील नेत्रतपासणी नीट कशी करावी : नागपूरच्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

उत्तर नागपुरातील आमच्या शाळेत सहावीत शिकणारी एक मुलगी पहिल्या बाकावर बसून फळ्यावरचे सगळे नीट उतरवून घेत असे. तिचे अक्षर वळणदार होते आणि डोळ्यांविषयी तिची किंवा घरच्यांची काहीही तक्रार नव्हती. तपासणीच्या दिवशी तिचा उजवा डोळा झाकला आणि ती गप्प झाली, कारण तक्त्यावरचे सर्वांत वरचे, सर्वांत मोठे चिन्हसुद्धा तिला ओळखता येईना. मी पुन्हा विचारले तेव्हा ती अगदी सहज म्हणाली, "मॅडम, या डोळ्यानं मले पहिलेपासून असंच दिसते जी." प्रत्येकाचा एक डोळा बघण्याचा आणि दुसरा तसाच असतो, अशी तिची समजूत होती.

डाव्या डोळ्याला मोठा प्लस नंबर होता, लहानपणापासून तो डोळा वापरलाच गेला नव्हता आणि आता चष्मा लावूनही त्याची दृष्टी थोडीच सुधारणार होती. डॉक्टर ज्याला आळशी डोळा म्हणतात तो हाच प्रकार. पहिली-दुसरीत कळले असते तर उपचाराला पुष्कळ वाव होता. मी जुने रजिस्टर काढून पाहिले. आधीच्या चार वर्षांत तिची चार वेळा तपासणी झाली होती आणि चारही नोंदींपुढे "सामान्य" असे लिहिलेले होते. त्यांतल्या दोन नोंदी माझ्या हातच्या होत्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्याकडून तक्ता वाचून घेतला होता आणि उजव्या डोळ्याने तो तिने न अडखळता वाचला होता.

तेव्हापासून ही तपासणी कशी करावी हे मी नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडून पुन्हा शिकले, आणि जे शिकले व जे हाताखालून गेले ते येथे क्रमाने लिहीत आहे. हा मजकूर प्रामुख्याने शिक्षकांसाठी आहे. परंतु शाळा व्यवस्थापन समितीतील पालकांनीही तो वाचावा, कारण तपासणीनंतरचे बरेचसे काम त्यांच्या मदतीवाचून अडते.

तपासणी कोणी करायची

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि शाळकरी मुलांची दृष्टी तपासून गरजूंना मोफत चष्मे देणे हा त्याचा जुना भाग आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची फिरती पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात. या पथकाला एकाच भेटीत मुलांचे वजन, दात, त्वचा, रक्तक्षय, हृदय, कान आणि डोळे असे सगळे पाहायचे असते. म्हणून पथक येण्याआधी वर्गशिक्षकाने दृष्टीची प्राथमिक चाळणी करून ठेवली, तर पथकाचा वेळ ज्या मुलांना खरोखर गरज आहे त्यांच्यावर खर्च होतो.

शिक्षकाने रोगाचे निदान करायचे नसते आणि चष्म्याचा नंबर काढायचा नसतो. कोणत्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवायचे आणि कोणाला नाही, एवढेच ठरवायचे असते. हे काम कोणताही शिक्षक दोन तासांच्या सरावाने शिकू शकतो, मात्र घाई करून चालत नाही.

कधी करावी

विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. प्रवेशाची आणि पुस्तकवाटपाची गडबड जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात ओसरते, त्यामुळे जुलैचा उत्तरार्ध सर्वांत सोयीचा. त्या वेळी चाळणी झाली तर दवाखाना, नंबर, चष्मा हे सगळे दिवाळीच्या सुट्टीपूर्वी पार पडते आणि प्रथम सत्राची परीक्षा मूल चष्मा लावून देते. जानेवारीत तपासणी केली की चष्मा हाती येईपर्यंत वर्ष संपलेले असते.

पावसाळ्यात दोन अडचणी येतात. आभाळ भरून आले की वर्गात अंधार होतो, म्हणून उजेडाची व्यवस्था आधी पाहावी लागते. आणि याच दिवसांत डोळे येण्याची साथ पसरते. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर ही साथ मोठ्या प्रमाणावर आली होती. वर्गात दोन-चार मुलांचे डोळे आले असतील तर त्या वर्गाची तपासणी दोन आठवडे पुढे ढकलावी, कारण एकच झाकणी चाळीस डोळ्यांना लावणे म्हणजे साथ हाताने वाटणे होय.

सर्व इयत्ता एका वर्षी शक्य नसतील तर पहिली, दुसरी आणि तिसरी कधीही सोडू नये. मोठ्या मुलाला दिसत नसेल तर ते कधीतरी स्वतःहून सांगते. सहा वर्षांचे मूल सांगत नाही, कारण त्याला स्वच्छ दिसणे म्हणजे काय हेच ठाऊक नसते. आळशी डोळ्यावरील उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर त्याचा सर्वाधिक लाभ होतो. त्यानंतर पाचवी ते आठवीचे वर्ग घ्यावेत, कारण मायनस नंबर, म्हणजे निकटदृष्टिता, याच वयात लागते आणि वाढते.

जागा आणि तक्ता

दृष्टी मोजण्याचा अक्षरांचा तक्ता नेदरलँड्समधील नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केला आणि आजही मूळ तत्त्व तेच आहे. ६/६ या नोंदीतील वरचा आकडा मूल किती मीटरवर उभे आहे ते सांगतो आणि खालचा आकडा ती ओळ निरोगी डोळ्याला किती मीटरवरून वाचता येते ते सांगतो. ६/१२ म्हणजे निरोगी डोळा जी ओळ १२ मीटरवरून वाचतो ती वाचण्यासाठी या मुलाला ६ मीटरपर्यंत यावे लागले. ६/६० म्हणजे ६० मीटरवरून दिसणारे चिन्ह त्याला ६ मीटरवर दिसले.

ही सगळी मोजणी अंतरावर आणि अक्षरांच्या आकारावर उभी आहे आणि शाळांतून चूक नेमकी येथेच होते. अंतर ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट, टेपने मोजावे. पावलांनी किंवा फरश्या मोजून अंदाज करू नये. अनेक वर्गखोल्यांत फळ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत सलग ६ मीटर मोकळी जागा मिळत नाही, तेव्हा व्हरांडा वापरावा. टाचांखाली खडूने जाड रेघ ओढावी आणि प्रत्येक मुलाच्या टाचा त्या रेघेवरच राहतील असे पाहावे. मुले नकळत पुढे सरकतात, आणि ज्यांना दिसत नाही ती तर हमखास सरकतात. जागा मुळीच नसेल तर ३ मीटरसाठी छापलेला वेगळा तक्ता मिळतो, तो आणावा. ६ मीटरचा तक्ता ३ मीटरवर टांगून ‘चालते’ म्हणू नये.

आकाराची पडताळणी पट्टीने करता येते. ६ मीटरच्या खऱ्या तक्त्यावर ६/६ च्या ओळीतील अक्षराची उंची ८.७ मिलिमीटर, ६/९ ची सुमारे १३, ६/१२ ची सुमारे १७.५ आणि सर्वांत वरच्या ६/६० च्या अक्षराची सुमारे ८७ मिलिमीटर असते. व्हॉट्सअॅपवर आलेला तक्ता शाळेच्या प्रिंटरवर ए-फोर कागदात बसवून छापला की ही मापे बिघडतात, आणि चांगली दृष्टी असलेली मुले नापास किंवा कमी दृष्टीची मुले पास होतात. मी एका वर्षी असाच छापलेला तक्ता वापरणार होते. पट्टी लावली तेव्हा वरचे अक्षर ६१ मिलिमीटर निघाले. आरोग्य केंद्रातून किंवा चष्म्याच्या दुकानातून छापील तक्ता आणावा आणि तोही एकदा मोजून घ्यावा.

नागपूरच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशी चारही माध्यमे आहेत, आणि पहिलीच्या मुलाला तर कोणत्याच लिपीतील अक्षरे पक्की येत नाहीत. म्हणून अक्षरांच्या तक्त्यापेक्षा वेगवेगळ्या दिशांना वळलेल्या इंग्रजी ई (E) चिन्हाचा तक्ता सगळ्यांना चालतो. त्यात वाचायचे काही नसते. चिन्हाचे तीन दांडे कोणत्या बाजूला आहेत ते मुलाने हाताने दाखवायचे असते.

तक्ता मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीला सपाट लावावा. त्याच्या मागे खिडकी किंवा उघडे दार नसावे, कारण समोरून प्रकाश डोळ्यांत आला की तक्ता काळवंडलेला दिसतो. तक्त्यावर ट्यूबलाइटचा एकसारखा उजेड पडावा आणि चकाकी येऊ नये; प्लास्टिकचे आवरण घातलेला तक्ता हमखास चमकतो, तेव्हा मुलाच्या जागी स्वतः उभे राहून एकदा बघून घ्यावे.

मुलांची तयारी

तपासणीच्या आदल्या दिवशी वर्गात फळ्यावर मोठे ई काढून दाखवावे आणि मुलांना तीन बोटे पसरून त्याच्या दिशेने वळवायला सांगावे. लहान मुलांना हा खेळ पाच मिनिटांत जमतो. ज्यांना जमत नाही त्यांना दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकवावे, नापास ठरवू नये. ज्यांना चष्मा आहे त्यांनी तो आणावा, असा निरोप घरी द्यावा आणि चष्मेवाल्या मुलांची तपासणी चष्मा लावूनच करावी, कारण आताचा चष्मा पुरेसा आहे का हेच आपल्याला पाहायचे असते.

ही परीक्षा नाही, हे मुलांना आणि त्यांच्या वर्गशिक्षकांनाही आवर्जून सांगावे लागते. "नीट बघ", "पुन्हा बघ", "अरे एवढंही दिसत नाही?" असे बोल ऐकले की मूल अंदाजाने उत्तरे देऊ लागते आणि अंदाजाने ते पासही होते. ज्याला दिसत नाही त्याने "नाही दिसत" असे बिनधास्त म्हणावे, इतके वातावरण मोकळे असले पाहिजे.

प्रत्यक्ष मोजणी

दोन माणसे लागतात: एक तक्त्याजवळ चिन्ह दाखवण्यासाठी आणि दुसरा मुलाजवळ डोळा नीट झाकला आहे का ते पाहण्यासाठी. रांग दाराबाहेर ठेवावी. खोलीत रांग लावली तर पाचव्या मुलापर्यंत सगळा तक्ता तोंडपाठ झालेला असतो. दोन तक्ते असतील तर उजव्या डोळ्याला एक आणि डाव्याला दुसरा वापरावा; एकच असेल तर दुसऱ्या डोळ्याच्या वेळी ओळ उलट्या क्रमाने विचारावी.

प्रथम डावा डोळा झाकून उजवा तपासावा, मग उजवा झाकून डावा. हा क्रम कधीही बदलू नये, म्हणजे नोंदीत गोंधळ होत नाही. डोळा बोटांनी झाकू देऊ नये, कारण बोटांच्या फटींतून दिसते आणि बुबुळावर दाब पडला तर तो डोळा पुढच्या काही क्षणांसाठी अंधूक होतो. जाड पुठ्ठ्याचा तुकडा किंवा हाताची ओंजळ डोळ्यावर अलगद, न दाबता ठेवावी. पुठ्ठा प्रत्येक मुलासाठी वेगळा असणे उत्तम. तेवढे नसतील तर प्लास्टिकची झाकणी दर वेळी स्पिरिटने पुसावी आणि ती वाळली की मगच पुढच्या मुलाला द्यावी. जे मूल झाकलेल्या बाजूला मान वळवते किंवा पुठ्ठ्यामागून डोकावते ते लबाडी करत नसून त्याला उघड्या डोळ्याने दिसत नसते. अशा मुलावर रागावण्याऐवजी ती खूण नोंदवहीत लिहून ठेवावी.

तक्त्याजवळच्या शिक्षकाने काठीचे टोक चिन्हाच्या खाली टेकवावे, चिन्ह झाकू नये. येथे एक बारीक पण फार महत्त्वाची गोष्ट आहे. मुलाला सोपे जावे म्हणून बाकीची चिन्हे कागदाने झाकून एकच चिन्ह उघडे ठेवण्याची सवय अनेकांना असते. आळशी डोळ्याला एकटे चिन्ह ओळीतल्या चिन्हापेक्षा चांगले ओळखता येते. शेजारी इतर चिन्हे आली की ती त्याला एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात. एकेक चिन्ह उघडून दाखवल्यास ज्या मुलाला आपण शोधत असतो तेच मूल हातून निसटते. ओळ पूर्ण उघडी ठेवावी.

६/९ ची ओळ ही आपली कसोटी मानावी. त्या ओळीतील ५ पैकी ४ चिन्हे बरोबर आली तर तो डोळा उत्तीर्ण. कोणताही एक डोळा ती ओळ पार करू शकला नाही तर मुलाला पुढे पाठवावे, दुसरा डोळा कितीही चांगला असो. दोन डोळ्यांत दोन ओळींचा फरक आढळला तर तोही पाठवण्याइतका महत्त्वाचा आहे. नापास झालेल्या मुलाची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एकदा फेरतपासणी करावी, कारण थकलेले, भुकेले किंवा बावरलेले मूल पहिल्या वेळी चुकते.

एका मुलाला दोन ते तीन मिनिटे लागतात. चाळीसच्या वर्गाला दीड-दोन तास धरावेत आणि एका दिवशी दोन वर्गांच्या वर घेऊ नयेत. तिसऱ्या वर्गापर्यंत शिक्षकाची नजर थकते आणि "सामान्य, सामान्य" असे लिहीत जाण्याची ओढ लागते, हे मी स्वतःच्या रजिस्टरवरून सांगते.

तक्ता न सांगणाऱ्या गोष्टी

लांबचा तक्ता सगळे पकडत नाही. प्लस नंबर असलेले लहान मूल डोळ्यांवर ताण देऊन लांबचे नीट वाचते, पण जवळचे वाचताना डोके दुखते, ओळी सरकतात आणि ते पुस्तकाला कंटाळते. म्हणून वर्गशिक्षकाला विचारावे: कोण पुस्तक नाकाला लावून वाचते, कोण डोळे बारीक करून फळा बघते, कोणाचे डोके दुखते, कोण शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, कोण मान एका बाजूला कलती ठेवते. अशी मुले तक्त्यावर उत्तीर्ण झाली तरी यादीत घ्यावीत.

त्यानंतर उजेडात प्रत्येक मुलाच्या डोळ्यांकडे समोरून बघावे. तिरळेपणा, खाली उतरलेली पापणी, सतत पाणी किंवा चिपडे, वारंवार होणारी रांजणवाडी, बुबुळावर पांढरा डाग, डोळे चोळून चोळून लाल झालेले असणे, यांपैकी काहीही दिसले तर चिठ्ठी द्यावी. तिरळा डोळा ‘नशीबवान’ असतो किंवा वयाप्रमाणे आपोआप सरळ होतो, ही समजूत आजही घरोघर आहे; तिरळेपणामुळे डोळा आळशी होतो, त्यामुळे तेथे वाट पाहणे हेच नुकसान. संध्याकाळी अडखळणारे मूल रातांधळेपणाच्या शंकेने अ जीवनसत्त्वासाठी दाखवावे. बाहुलीत पांढरी चमक दिसली, किंवा मोबाइलच्या फ्लॅशच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरा येतो असे आईने सांगितले, तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. मोतीबिंदूपासून डोळ्याच्या कर्करोगापर्यंत काहीही असू शकते.

रंगदृष्टीची तपासणी आयुष्यात एकदा, आठवीच्या सुमारास पुरते. इशिहारा पुस्तिकेतील ठिपक्यांतून अंक वाचायचे असतात आणि ती दिवसाच्या उजेडात करावी. नागपुरात रेल्वेत जाण्याचे स्वप्न असलेली मुले पुष्कळ. लोको पायलटसाठी रंगदृष्टीची अट कडक असते, आणि ते भरतीच्या वैद्यकीय चाचणीत कळण्यापेक्षा आठवीत कळलेले बरे. हा दोष मुलग्यांत जास्त आढळतो आणि आईकडून येतो. चष्म्याने तो जात नाही, आणि त्याने अभ्यासात काही बिघडतही नाही.

नोंद आणि चिठ्ठी

रजिस्टरमध्ये ‘सामान्य’ हा शब्द लिहूच नये. उजवा डोळा आणि डावा डोळा असे दोन वेगळे रकाने करावेत आणि प्रत्येकात आकडा लिहावा. आकडा लिहायचा असला की डोळा झाकावाच लागतो. त्यापुढे चष्मा होता का, पाठवले का, दवाखान्यात गेले तो दिनांक, चष्मा मिळाला तो दिनांक आणि चष्मा घातलेला दिसला तो दिनांक असे रकाने असावेत. शेवटचे तीन रकाने रिकामे राहिले तर आधीची सर्व मेहनत वाया गेली असे समजावे.

नापास मुलांची नावे वर्गात वाचून दाखवू नयेत. चिठ्ठी दप्तरात घालून देण्यापेक्षा पालकांना शाळेत बोलावून हातात द्यावी आणि काय आढळले ते साध्या शब्दांत सांगावे. "उजव्या डोळ्याने तिसऱ्या बाकावरून फळा दिसत नाही" हे वाक्य ‘६/१८’ या आकड्यापेक्षा लवकर पटते. मी तर पालकालाच रेघेवर उभे करते आणि मुलाला जेवढे दिसते ती ओळ दाखवते. एका वडिलांनी तक्त्याकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, मी याले अभ्यास करत नाही म्हणून मारून राहिलो होतो." त्या मुलाचा चष्मा चौथ्या दिवशी आला.

दवाखान्याचा दिवस

शहरातील शाळांसाठी मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि मिहानमधील एम्स येथे नेत्रविभाग आहेत; काटोल, उमरेड, रामटेककडील शाळांनी प्रथम आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयातील नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांकडे जावे. बाह्यरुग्ण विभागात सकाळी लवकर पोहोचावे आणि शाळेची चिठ्ठी, मुलाचे आधार कार्ड व जुना चष्मा सोबत ठेवावा.

पालकांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवली नाही तर ते मध्येच सोडून देतात. लहान मुलांचा खरा नंबर काढण्यासाठी डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी करावी लागते, कारण मूल डोळ्यांवर ताण देऊन नंबर लपवते. औषध घातल्यावर जवळचे अंधूक दिसते आणि उजेड सहन होत नाही. औषधाच्या प्रकारानुसार हा परिणाम एका दिवसापासून आठवड्याहून अधिक काळ टिकतो. काही वेळा औषध ओसरल्यावर पुन्हा बोलावतात. रोजमजुरी करणाऱ्या घरासाठी दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी. आमच्या शाळेत एक पालक किंवा शिक्षक सहा-सात मुलांना त्यांच्या घरच्यांच्या संमतीने एकत्र घेऊन जातो, आणि ही व्यवस्था सुरू झाल्यापासून दवाखान्याचा रकाना भरू लागला. औषध घातलेल्या मुलाला टोपी द्यावी, सावलीतून घरी न्यावे आणि त्या दिवसांचा गृहपाठ माफ करावा.

शिबिरात केवळ यंत्रासमोर मिनिटभर बसवून काढलेल्या नंबरावर लहान मुलाचा चष्मा बनवून घेऊ नये. यंत्राचा आकडा हा सुरुवातीचा अंदाज असतो. त्यानंतर मुलाला भिंगे लावून वाचायला लावणे आवश्यक असते.

चष्मा पेटीतून नाकावर येईपर्यंत

मुलांच्या चष्म्याची काच पॉलिकार्बोनेटची घ्यावी, ती सहजासहजी फुटत नाही. ज्याचा एकच डोळा चांगला आहे त्याला तर नंबर नसला तरी असा चष्मा संरक्षणासाठी डॉक्टर सुचवतात, आणि आमच्या सहावीतल्या त्या मुलीनेही तो घेतला. फ्रेमचा रंग मुलाला निवडू द्यावा. आपण निवडलेला तपकिरी चष्मा ते दप्तराच्या तळाशी ठेवते. नाकावरून घसरणारा चष्मा दुकानात परत नेऊन नीट बसवून घ्यावा, कारण घसरलेल्या चष्म्यातून मूल काचेच्या वरून बघत राहते.

पंधरा दिवसांनी आणि मग तीन महिन्यांनी, न सांगता, वर्गात जाऊन कोणी चष्मा घातला आहे ते मोजावे. न घालण्याची कारणे बहुधा ठरलेली असतात. काही घरांत आई तो "खराब होईल" म्हणून कपाटात ठेवते. काही मुलांना ‘बॅटरी’ म्हणून चिडवले जाते. तेथे वर्गशिक्षकाने चिडवणाऱ्यांना बाजूला घेऊन बोलावे आणि शिक्षकाला स्वतःला चष्मा असेल तर तो वर्गात लावून शिकवावे. मुलींच्या बाबतीत कारण वेगळे निघते. एका आजीने मला स्पष्ट विचारले, "पोरीले आतापासून चष्मा लावला तं पुढं पाहायले आलेले लोक काय म्हणतीन?" त्या आजींना मी नातीला सुईत दोरा ओवायला सांगून दाखवले, आधी चष्म्याशिवाय आणि मग चष्मा लावून. अशा घरी चिठ्ठी पाठवून काही होत नाही, जाऊन बसावे लागते.

चष्म्याने नंबर वाढतो, हा समज सगळ्यांत चिवट आहे. मायनस नंबर वाढतो तो वाढत्या वयात डोळा लांबत जातो म्हणून. चष्मा घातल्याने तो वाढत नाही आणि न घातल्याने थांबत नाही. गाजर खाऊन, व्यायाम करून किंवा डोळ्यांत मध घालून तो उतरत नाही, आणि मधाने तर जंतुसंसर्गाचा धोका असतो. जे उपयोगी पडते ते म्हणजे उघड्यावरचा उजेड. दिवसाला सुमारे दोन तास मोकळ्या उजेडात घालवणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचे प्रमाण कमी असते, असे अनेक देशांतील अभ्यासांतून दिसले आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी कोणी मुलांना बाहेर काढणार नाही, पण सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी मैदानावर, किंवा झाडाच्या सावलीतसुद्धा, वर्गापेक्षा कितीतरी पट जास्त उजेड असतो. मधली सुट्टी वर्गात बसून काढण्याची सक्ती शाळांनी करू नये. ज्याचा नंबर वर्षात भराभर वाढतो त्याला सहा महिन्यांनी पुन्हा दाखवावे; वाढीचा वेग कमी करणारे औषध व विशेष काचा आता उपलब्ध आहेत, त्यांचा निर्णय नेत्रतज्ज्ञांनी घ्यायचा.

पालकसभेत सांगायची आणखी एक गोष्ट

चष्म्यासाठी बोलावलेल्या सभेत मी खर्ऱ्यात, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणात, घालायच्या चुन्याविषयी आवर्जून बोलते. आपल्याकडे घरोघरी चुन्याची पुडी किंवा ट्यूब पडलेली असते, मूल ती दाबते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना बुबुळ जाळत आत उतरतो आणि काही मिनिटांत कायमचे नुकसान करू शकतो. दवाखान्याकडे धावण्याआधी, त्याच क्षणी, पापण्या उघड्या धरून नळाच्या किंवा माठातल्या स्वच्छ पाण्याने निदान वीस मिनिटे डोळा धुवावा. तूप, दूध, तेल काहीही घालू नये. पापणीखाली अडकलेले खडे पाण्याच्या धारेने काढावेत आणि मग थेट नेत्रविभाग गाठावा. याउलट संक्रांतीच्या मांज्याने, विटीने किंवा फटाक्याने डोळा चिरला असेल तर तो धुऊ नये, चोळू नये, दाबू नये. कागदी पेल्यासारखे काहीतरी डोळ्याला न टेकता वर झाकून मुलाला लगेच न्यावे.

पुढल्या शाळेकडे

पाचवी किंवा आठवीनंतर मूल दुसऱ्या शाळेत जाते तेव्हा त्याची नोंद आपल्या कपाटात राहते आणि नव्या शाळेत सगळे पहिल्यापासून सुरू होते. दाखल्यासोबत अर्ध्या कागदावर दोन्ही डोळ्यांचे शेवटचे आकडे, चष्म्याचा नंबर, तो दिल्याचा दिनांक आणि पुढील तपासणी कोणत्या महिन्यात हवी एवढे लिहून, मुख्याध्यापकांच्या सहीने पालकांच्या हाती द्यावे. त्या मुलीच्या दाखल्यासोबतच्या कागदावर मी डाव्या डोळ्याचा आकडा लाल शाईने लिहिला आणि खाली एक ओळ जोडली: हिला वर्गात फळ्याच्या डाव्या बाजूला, म्हणजे फळा उजव्या डोळ्यासमोर येईल अशा जागी बसवावे.